सुलोचना : एक जाहीर निवेदन

आज लढाया, तह आणि ताम्रपट बाजूला ठेवू. आज एक निवेदन करायचे आहे. सुलोचना या नटीवर माझे प्रेम आहे, ते आजन्म राहील, आणि इतिहासाची विद्यार्थिनी असूनही हे चारचौघांत सांगताना मला संकोच वाटत नाही.

सुलोचनादीदी नव्हेत. त्या मराठी पडद्यावरच्या आई. २०२३ साली गेल्या. मी म्हणते ती सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात, बगदादी यहुदी वंशाच्या घरात जन्मलेली, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी मुलगी. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमासाठी विचारले तेव्हा तिने आधी नकारच दिला. मग होकार आला, आणि १९२६ साली तिचे दोन मूकपट झळकले : ‘टेलिफोन गर्ल’ आणि ‘टायपिस्ट गर्ल’. नावे पाहा. बाईमाणसाने कचेरीत जाऊन पगार आणावा हेच जेव्हा नवल होते, तेव्हा नोकरदार मुलगी नायिका झाली. आणि ती उभी केली स्वतः नोकरी केलेल्या मुलीने. माझे प्रेम येथून सुरू होते.

पुढच्याच वर्षी ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचे पोर, गोरी मड्डम! हा चित्रपट मी पाहिलेला नाही. तो आज कुणालाच पाहता येत नाही.

भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुटक अवस्थेत उरले ते जेमतेम तीसेक. नायट्रेटच्या फिती चटकन पेट घेत. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा कित्येक फितींतले रुपे काढून विकण्यात आले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभे राहिले ते १९६४ साली, म्हणजे उशिराच. आणि २००३ मध्ये नायट्रेट फितींच्या गुदामाला लागलेल्या आगीने उरल्यासुरल्यातलेही पुष्कळ नेले. सुलोचनेचे मूकपट जवळजवळ सगळे गेले. उरली छायाचित्रे, जाहिराती, थोडा मजकूर.

“न पाहिलेल्या नटीवर कसले प्रेम?” असे एका मैत्रिणीने विचारले. अहिल्याबाईंना तरी आपण कुठे पाहिले आहे? पण तिच्या प्रश्नात तथ्य आहे. अहिल्याबाईंची पत्रे आहेत, घाट आहेत. नटीचे कर्तृत्व म्हणजे तिचे हलणे, आणि नेमके तेच हरवले आहे.

म्हणून जे हाती आहे ते मी जपून तपासते. सुलोचनेला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता, ही कथा तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. तिचा पगार दरमहा ५,००० रुपये सांगतात. १९१९ च्या कायद्याने गव्हर्नरच्या पगाराची कमाल मर्यादा वर्षाला १,२८,००० रुपये ठेवली होती, म्हणजे महिन्याला साडेदहा हजारांहून अधिक. कथा टिकत नाही. पण एका नटीची मिळकत मोजायला लोकांना थेट गव्हर्नर आठवावा, हे मला त्या आकड्यापेक्षा मोलाचे वाटते. ज्यावर जीव आहे त्याच्याविषयी खोटे ऐकून घेणे मला जमत नाही, मग ते कितीही गोड असो.

बोलपट आले आणि तिची अडचण झाली. हिंदुस्तानी जेमतेम येत होती. तिने काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली बोलक्या ‘माधुरी’तून परत आली. (या एका वर्षावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावा.)

आता ‘अनारकली’. १९२८ साली अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल कंपनीच्या मूकपटात अनारकली तीच. १९३५ च्या बोलपटातही तीच. १९५३ साली नंदलाल जसवंतलाल यांनी पुन्हा ‘अनारकली’ केला; अनारकली झाली बीना राय, आणि सुलोचना सलीमची आई. हा चित्रपट मात्र उपलब्ध आहे. मी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब ठेवलेला नाही. इतर लोक त्यात गाणी ऐकतात. मी राणीसाहेबांचे प्रवेश थांबवून थांबवून पाहते. दोनदा अनारकली झालेली बाई तिसऱ्या अनारकलीच्या वेळी मुकाट्याने सलीमच्या आईच्या जागी उभी आहे. त्या चेहऱ्यात विशीतली सुलोचना शोधणे हे संशोधन नव्हे, हे मला कळते. तरी मी शोधते.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली मुंबईत ती वारली. माझा जन्म त्यानंतर सतरा वर्षांनी.

एक विनंती. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात सिनेमाचे एखादे चोपडे, हस्तपत्रक, कापलेले चित्र सापडले, तर रद्दीत घालू नका. त्यावर ‘सुलोचना’ असे नाव असेल आणि साल १९३४ च्या आतले असेल, तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा. मागची बाजू कोरी असली तरी.