झीलकऱ्याची वाट

पोवाडा ऐकावयास बसलेल्या मंडळींची दृष्टी डफावर थाप मारणाऱ्या शाहिरावर खिळलेली असते. त्याच्या पाठीमागे तुणतुणे व झांज घेऊन जे दोघेतिघे उभे असतात, त्यांजकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि शाहिराचा दम संपतो त्या क्षणी सूर उचलून धरतात ते हेच झीलकरी. आणि उद्याचा शाहीर बहुधा त्यांच्यातूनच पुढे येतो. खेळाच्या क्षेत्रातही असे झीलकरी असतात. त्यांस साहाय्यक प्रशिक्षक म्हणतात. त्यांच्या वाटचालीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

यास निमित्तही तसेच घडले. आमच्या वडील क्रीडाशिक्षकांच्या हाताखाली काम करणारे एक तरुण शिक्षक यंदा परगावी वरच्या जागेवर गेले. ही बातमी वेळापुरात पसरताच दोन प्रकारचे उद्गार कानी आले. कोणी म्हणाले, "बरे झाले, मास्तरांचे नशीब उघडले." एक पालक मात्र म्हणाले, "आमचा मुलगा त्यांच्याच भरवशावर पहाटे उठून मैदानावर जात होता. आता त्याने काय करावे?" पहिला उद्गार स्वाभाविक आहे, दुसरा विचार करण्याजोगा आहे.

हा प्रश्न ज्यांस वारंवार पडतो, असे क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयांचे बास्केटबॉल. या खेळाचा जन्म 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे झाला. वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेसाठी कार्यकर्ते तयार करणाऱ्या तेथील विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते. हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांसाठी त्यांनी सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ रचिला. आपल्या देशातही तो याच संस्थेच्या द्वारे आला.

आज तेथील मोठ्या महाविद्यालयांत एका मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली अनेक साहाय्यक असतात. पूर्वी नियमाने तिघांस मुभा होती; 2023 पासून पाच जण शिकवू शकतात. गावोगावच्या शाळांत हिंडून होतकरू मुले शोधणे, त्यांच्या आईबापांची भेट घेणे, प्रतिपक्षाचा खेळ निरखून टिपणे करणे, एकेका खेळाडूचा हात बसविणे, ही कामे प्रामुख्याने साहाय्यकांची. जय झाला की नाव मुख्याचे होते. मुख्यास जागा सोडावी लागली की बहुधा साहाय्यकांचेही बिऱ्हाड हलते. म्हणून यांपैकी अनेकांच्या आयुष्यात गावे फार आणि घर कमी.

या वाटेवरचे दोन प्रवासी एकाच ठिकाणचे आहेत, म्हणून त्यांची तुलना उद्बोधक होईल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ हे 1961 पासून 1997 पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. ते स्वतःही प्रथम तेथे साहाय्यक म्हणूनच आले होते. त्यांच्या हाताखाली 1967 मध्ये बिल गथ्रिज रुजू झाले आणि तब्बल 30 वर्षे दुसऱ्या जागेवर राहिले. स्मिथ निवृत्त झाले तेव्हा गथ्रिज साठीचे होते. मग त्यांनी मुख्य पद स्वीकारिले, तीन वर्षांत दोन वेळा संघास देशातील अखेरच्या चार संघांत नेले आणि 2000 मध्ये शांतपणे निवृत्त झाले.

त्याच स्मिथांचे दुसरे साहाय्यक रॉय विल्यम्स. शाळेतील प्रशिक्षकाची नोकरी सोडून ते 1978 मध्ये आले, तेव्हा त्यांचे वेतन वर्षास अवघे 2,700 डॉलर होते. संसार चालविण्यासाठी ते संघाची दिनदर्शिका दारोदार विकीत. दहा वर्षे अशी काढल्यावर 1988 मध्ये कॅन्सस विद्यापीठाने त्यांस मुख्य प्रशिक्षक नेमिले. गथ्रिज निवृत्त झाल्यावर जुन्या घरचे बोलावणे आले. परंतु कॅन्ससच्या खेळाडूंशी असलेली बांधिलकी त्यांस मोडवेना व त्यांनी नकार दिला. 2003 मध्ये पुन्हा बोलावणे आले, तेव्हा मात्र ते गेले. कॅन्ससमधील पुष्कळांस फार दुःख झाले.

एक राहिला, एक गेला. यांत थोर कोण? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. दोघांनीही दुसरी जागा ही वरच्या जागेची नुसती प्रतीक्षा मानिली नाही. तेच आपले काम समजून ते केले.

याचे आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण अमोल मुजुमदार यांचे. 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात 664 धावांची अभंग भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. पुढे रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात 260 धावा करूनही त्यांस भारताच्या मुख्य संघात कधी स्थान मिळाले नाही. खेळ थांबविल्यावर त्यांनी फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून इतरांच्या हाताखाली काम केले. 2019 मध्ये तर भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघासही शिकविले. नंतर मुंबईचे व 2023 मध्ये भारतीय महिला संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. त्या संघाने 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकिला.

परंतु त्या पालकांचा प्रश्न अजून उरतोच. ज्या शिक्षकाच्या शब्दावर मुलाने महाविद्यालय निवडले, तो निघून गेला तर? अमेरिकेत पूर्वी अशा खेळाडूने दुसरे महाविद्यालय धरिले, तर त्यास सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. शिक्षक मात्र त्याच वर्षी नव्या जागी उभा राही. 2021 मध्ये पहिल्या बदलापुरती व 2024 मध्ये पुढील बदलांसाठीही ही अट गेली. नियम बदलला, हे न्याय्यच झाले. तरी मनाला लागणारी चुटपुट कोणत्या नियमाने जाणार? म्हणून जाणाऱ्यावर तीन ऋणे आहेत, असे आम्ही समजतो. चालू हंगाम अर्ध्यावर टाकू नये. जाण्याची वार्ता मुलांस स्वमुखाने सांगावी. आणि प्रत्येक मुलाचे गुणदोष पुढच्या शिक्षकाच्या हाती नीट सोपवावे. आमच्या तरुण मित्राने ही तिन्ही फेडिली, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

मुख्यावरही एक ऋण आहे. पवित्र शास्त्रातील बर्णबा आठवावा. सर्व शिष्य शौलास भीत होते, तेव्हा त्याने त्यास हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. पुढे तार्सास जाऊन त्यास शोधून अंत्युखियास आणिले. कालांतराने तोच शौल, म्हणजे पौल, बर्णबाच्या पुढे गेला. बर्णबाने त्याबद्दल खंत केल्याचे कोठे लिहिलेले नाही. हाताखालच्या माणसास वर जाऊ देणे हीदेखील एक सेवा आहे.

त्या पालकांस आमचे उत्तर इतकेच. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरी मुक्काम करिते आणि पहाटे पुढे निघते. गावाने तिला अडवून धरावे असे कोणी म्हणत नाही. मुलाने मास्तरांस पत्र अवश्य लिहावे. पण पहाटे उठणे सोडू नये. ती सवय मास्तरांनी लाविली असली तरी आता ती त्याची आहे. मैदान पूर्वीप्रमाणेच उघडते. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी सध्या लहानांस धावण्याचे व खो देण्याचे धडे देत आहेत. त्यांस कोणी नेमिलेले नाही, आणि त्यांचे नाव कोठल्या फलकावर नाही. पालकांनी एखाद्या पहाटे येऊन त्यांचे काम अवश्य पाहावे.