शहरातले घर आणि गावाकडचे पोते

आमच्या खानदेशात पूर्वी मुलीसाठी स्थळ पाहायला गेले की पाहुणे आधी विहीर पाहत. पाणी किती, बागाईत किती, कोरडवाहू किती, दावणीला बैल किती, एवढे विचारून झाले की मग मुलाकडे वळत. आता प्रश्न बदलला आहे. “मुलगा पुण्याला कंपनीत आहे, ते चांगले, पण तिथे स्वतःचा फ्लॅट आहे का?” असे मुलीची आई सरळ विचारते. तिला दोष तरी कसा द्यावा? आपली मुलगी परक्या शहरात भाड्याच्या खोल्या बदलत फिरू नये, असे कोणत्याही आईला वाटणारच. पण या एका प्रश्नापायी गावोगावी रस्त्यालगतची जमीन विकायला निघाली आहे. तोच प्रश्न आमच्याही घरात येऊन बसला, म्हणून चार गोष्टी लिहिते.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात. थोरला मुलगा चाकणच्या बाजूला कारखान्यात आहे. धाकटा घरची शेती पाहतो. मुलगी धुळ्याला देवपुरात दिलेली आहे. धाकटे दीर चाळीस वर्षांपूर्वी सुरतेला गेले ते तिकडचेच झाले. म्हणजे एका घराच्या चार चुली चार ठिकाणी, आणि त्यांतल्या तीन शहरात.

गेल्या वर्षी दिवाळीला थोरला आला तेव्हा त्याने विषय काढला. मोशीकडे चाळीस लाखांचा फ्लॅट पाहिला होता. एक झोपायची खोली, एक बैठकीची, स्वयंपाकघर, बस्स. “रस्त्याकडचे दोन बिघे विकले तर वीस लाख येतील, बाकीचे कर्ज काढतो,” असे त्याचे म्हणणे. धाकटा काही बोलला नाही, पण त्याचा हात ताटात थांबला. त्या दोन बिघ्यांतच विहीर आहे. ती जमीन गेली तर उरलेली सगळी कोरडवाहू होणार.

थोरल्याचे म्हणणे खोटे नव्हते. सहा वर्षांत त्याने चार घरे बदलली. करार अकरा महिन्यांचा. मुदत संपली की मालक भाडे वाढवतो, नाहीतर घर रिकामे करायला सांगतो. नातीची शाळा दोनदा बदलली. सूनबाई म्हणाली, “आई, भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. पाहुणे दोन दिवस जास्त राहिले तरी खालून निरोप येतो.” सहा वर्षे दुसऱ्याच्या भिंतीत राहणाऱ्या बाईचे ते दुःख होते. आपल्या अंगणात हवा तिथे खुंटा ठोकणाऱ्या आपल्यासारख्यांना ते लवकर कळत नाही.

पण निर्णय दुःखावर करायचा नसतो, हिशेबावर करायचा असतो. हे आमच्या मुलीने दाखवून दिले. १९९४ च्या महाराष्ट्राच्या आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून तिची सही लागणार होती. भाऊबीजेला आली तेव्हा ती म्हणाली, “सही देईन. पण आधी हिशेब मांडा, माझ्या डोळ्यांसमोर.” आणि तिनेच आपल्या मुलाची वही घेऊन चुलीपुढे हिशेब मांडला.

थोरल्याच्या हाती महिन्याला बत्तीस हजार पडतात. त्यातून भाडे १२ हजार. वीज आणि गॅस १,८००. रोज एक लिटर दूध, त्याचे १,८००. शाळा आणि शाळेची गाडी ३,५००. पेट्रोल २,०००. मोबाइल ७००. किराणा-भाजीपाला ६,०००. बेरीज २७,८०० झाली. उरले ४,२००. त्यातच आजारपण, कपडे, गावी यायचे भाडे, लग्नकार्य.

आता फ्लॅटचा हिशेब. किंमत चाळीस लाख, त्यावर मुद्रांकशुल्क आणि नोंदणी मिळून सुमारे तीन लाख. एकूण त्रेचाळीस. जमिनीचे वीस लाख घातले तरी तेवीस लाखांचे कर्ज उरते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे वीस हजार येतो. म्हणजे विहिरीसकट जमीन विकूनही महिन्याचा भार भाड्यापेक्षा आठ हजारांनी वाढणार! बत्तीसातून वीस गेले की हाती राहिले बारा, आणि भाडे सोडून बाकीचा खर्च जवळजवळ सोळा हजारांचा. सोसायटीची वर्गणी अजून धरलेलीच नाही. वही मिटून मुलगी एवढेच म्हणाली, “दादा, घर होईल, पण त्या घरात चूल कशावर पेटवशील?” थोरला बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. आजवर त्याने हप्त्याचा विचार केला होता, हप्त्यानंतरच्या तीस दिवसांचा कोणी मांडलाच नव्हता.

आपण शेतकरी, आपल्याला रुपयापेक्षा क्विंटल लवकर कळतो. म्हणून यांनी तोच हिशेब कापसात करून पाहिला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. थोरल्याचे वर्षाचे भाडे १ लाख ४४ हजार. म्हणजे जवळजवळ अठरा क्विंटल कापूस, आणि तोही हमीभाव पुरता हाती पडला तर. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तरी आपण समाधान मानतो. तेव्हा एका कुटुंबाने शहरात डोक्यावर छप्पर धरायला चार एकरांचे सगळे पीक लागते, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च वजा केलेलाच नाही.

याला दुसरी एक बाजू आहे, ती बायकांना पक्की ठाऊक असते. दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या घरातून शहराकडे पोते जाते. आमच्याकडून जाते ते सांगते: गहू दोन क्विंटल, दादर एक क्विंटल, तुरीची डाळ पंचवीस किलो, मूग-उडीद दहा किलो, शेंगदाणे वीस किलो, तिखट चार किलो, आणि वर पापड, कुरडया, बिबड्या. मुलीने वहीत त्याचीही बाजारभावाने किंमत लावली. वीस-एकवीस हजार झाली! म्हणजे महिन्याला सतराशे रुपये गाव शहराला पाठवते आणि ते कोणाच्याच खात्यात लिहिले जात नाहीत. हे पोते गेले नाही तर थोरल्याचा पगार पुरणार नाही. त्याला जास्त पगार द्यावा लागत नाही, यामागे आमची चूल आणि आमची वाळवण आहे. हे कारखान्याला माहीत नसेल, पण आपल्याला माहीत असावे. शहरातला मुलगा गावाला पैसे पाठवतो असे आपण अभिमानाने सांगतो. गाव त्याला काय पाठवते तेही मोजले पाहिजे.

सुरतेची गोष्ट याहून जुनी आहे. तापी आपल्याकडून वाहत सुरतेला जाते, आणि तापीच्या खोऱ्यातून जाणारी भुसावळ-सुरत रेल्वे आपली माणसे तिकडे नेते. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार अशा स्टेशनांवरून दोन-तीन पिढ्या गाठोडे घेऊन उधन्याला उतरल्या. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आजही अहिराणी कानावर पडते आणि श्रावणात कानबाई बसते. आमचे दीर गेले तेव्हा एका खोलीत आठ जण राहत. मागावर दिवसपाळी आणि रातपाळी. दिवसपाळीचे चौघे उठले की त्यांच्याच अंथरुणावर रातपाळीचे चौघे आडवे होत. खोलीचे भाडे आठ ठिकाणी वाटले जाई, म्हणून घरी मनिऑर्डर येई. पुढे त्यांनी पै पै जमवून दोन खोल्या केल्या, मुले शिकवली. सुरतेने त्यांना पोटाला दिले, हे ते कधी विसरत नाहीत.

पण तीन वेळा ते गावी परत आले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले, तेव्हा पहिल्यांदा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा दुसऱ्यांदा. आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने माग बंद पडले, त्यानंतर तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा त्यांनी आमच्याच ओसरीवर पिशवी टेकली. पहिल्या वेळी मी काळजीने विचारले, तर म्हणाले, “वहिनी, गावमा घर शे, मंग काय चिंता?” त्यांच्या शेजारी दुसऱ्या मुलखातले एक कुटुंब होते. त्यांनी गावचे घर-शेत विकून सुरतेला खोली घेतली होती. टाळेबंदीत त्यांना जायला ठिकाणच नव्हते. शहरातले घर निवारा देते खरे, पण शहरच बंद पडले तर गावच्या घराशिवाय गती नाही.

कोणी म्हणेल, सरकार स्वस्त घरे बांधते, मग चिंता कशाला? आपल्या जळगावचेच उदाहरण घ्या. तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांहून जास्त घरकुलांची योजना हाती घेतली. काम १९९९ मध्ये दिले गेले. पुरी झाली ती थोडीच घरे. २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद झाली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे वरच्या न्यायालयात अपिले गेली. न्याय व्हायचा तो होईल. पण ज्या मजुराला १९९९ मध्ये घर हवे होते त्याची मुले एव्हाना लग्नाची झाली. म्हणून योजनेचा अर्ज जरूर भरावा, पण तिच्या भरवशावर भाड्याचे घर सोडू नये.

घर घ्यायचेच असेल, तर दोन-तीन गोष्टी पदरात बांधून ठेवाव्या. मोठ्या इमारतीत फ्लॅट घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. २०१७ पासून हा कायदा पुरता लागू आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. क्षेत्रफळ विचाराल तर कार्पेट किती, म्हणजे भिंतीच्या आत वापरायला किती, तेच विचारा. शहराच्या कडेला प्लॉट घेत असाल तर मंजूर ले-आऊट डोळ्यांनी पाहा. शेतातले एक-दोन गुंठे नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ नका. आणि कर्जाचा हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नका.

आमच्या घरात काय ठरले, ते सांगून थांबते. जमीन विकायची नाही, हे ठरले. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर थोरल्यावर अन्याय झाला असता. त्याचाही हिस्सा आहे आणि तो धाकटा कसतो. म्हणून थोरल्याच्या वाट्याचा खंड, गावात जो दर चालतो त्या दराने, धाकट्याने दर आखाजीला त्याच्या खात्यात भरायचा असे ठरले. मुलीने तिच्या हिश्शाचा खंड नको म्हटले, तरी तोही वेगळा लिहून ठेवायचा आहे. ती केव्हाही मागू शकते. सूनबाईने शिवणाचा वर्ग पुरा केला आहे, तिची कमाई सुरू झाली की दोघे मिळून जुना, लहान, पण आपल्या कुवतीतला फ्लॅट पाहणार आहेत. पहिला खंड या आखाजीला भरला गेला. रक्कम फार नाही. पण थोरल्याने फोनवर धाकट्याला विचारले, “विहिरीला पाणी किती आहे रे?” दोन वर्षांत त्याने हे विचारले नव्हते.

घर अजून झालेले नाही. नातीची शाळा पुन्हा बदलू नये एवढीच इच्छा आहे. तुमच्याही घरात हा प्रश्न आला असेल, आला नसेल तर येईल. दलालाला शेताचा बांध दाखवण्याआधी एकदा सगळ्यांनी बसा. मुलाला, सुनेला, धाकट्याला आणि मुलीलाही बोलवा, आणि वहीत भाडे, हप्ता, दूध, शाळा यांच्या खाली पोत्याचीही ओळ लिहा. मग जे ठरेल ते ठरो.