कळफलकावर सांडलेला चहा

थेंबाने गेली ती हौदाने येत नाही, असे आपले वडीलधारे सांगत आले. ते अब्रूविषयी बोलत. गेल्या आषाढात मात्र या म्हणीचा प्रत्यय आम्हांस एका लॅपटॉपच्या निमित्ताने आला. त्यात आमचीही थोडी अब्रू गेली, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे घर निपाणीजवळच्या एका खेड्यात आहे. थोरल्या बंधूंची कन्या बेळगावास महाविद्यालयात शिकते. तिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी तंबाखूच्या पैशातून हे यंत्र घेतले. सोमवारी कॉलेजात द्यावयाचा प्रकल्प पुरा करण्यास ती घरी आली होती. शुक्रवारी रात्री लिहिता लिहिता कपास मनगटाचा धक्का लागला आणि अर्धा कप चहा कळफलकावर सांडला. मुलीने तो ओढणीने पुसला, कोणास चाहूल लागू दिली नाही आणि यंत्र बिघडले तर नाही ना, हे पाहण्यासाठी रात्रीतून चार-पाच वेळा ते चालू करून पाहिले. सकाळी काही अक्षरे उमटेनाशी झाली. उलट एक काना कोणी न दाबताच आपोआप उमटत राहिला.

तिचा रडवेला चेहरा आईच्या नजरेतून सुटला नाही. मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. आजी म्हणाली, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. कोणी म्हणाले, चुलीच्या उबेस धरा. आम्ही यांतले काही न करता भाचीस—नव्हे, पुतणीस—घेऊन संकेश्वरमार्गे बेळगावची बस धरली.

दुरुस्तीच्या दुकानातील कारागीर वयाने तरुण, पण मोठा शांत गृहस्थ. त्याने खालचे झाकण उघडून प्रथम बॅटरीची जोडणी सोडवली आणि मगच बाकीच्यास हात लावला. कळफलक बाहेर काढून त्याने आम्हांस त्याची रचना समजावली. कळांच्या खाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या बारीक रेषा छापलेल्या असतात. मधल्यास प्रत्येक कळेखाली भोक असते. कळ दाबली की त्या भोकातून वरची रेषा खालचीस टेकते व अक्षर उमटते. तेथे चहा शिरला की न दाबताच जोडणी होते. आमचा काना तसाच उमटत होता. एकेका रेषेवर अनेक कळा अवलंबून असल्याने रेषा तुटली की कितीतरी अक्षरे एकदम मुकी होतात.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु दुधात क्षार असतात, त्यांतून ती वाहते. साखर मागे राहून चिकटते. ओल्या धातूतून वीज खेळत राहिली म्हणजे तो झपाट्याने झिजतो. मुख्य पटावर एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखा थर कारागिराने भिंगाखाली दाखविला. “काका, चहानं एवढं केलं नसतं. चालू-बंद केल्यानं झालं,” तो म्हणाला. तो थर त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलात मऊ ब्रश बुडवून घासून काढला, पट पुरता वाळविला आणि नवा कळफलक बसविला. प्रकल्प सुखरूप होता. पट निकामी झाला असता, तरीही आतील साठवणीची चकती काढून तो बहुधा वाचविता आला असता, असेही त्याने सांगितले. मात्र काही यंत्रांत ती पटावरच जडविलेली असते. तेथे हे काम अवघड.

ज्यांच्या घरी मुले अशा यंत्रावर शिकतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. काही सांडताच प्रथम भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी. मग यंत्राचे बटण ते विझेपर्यंत दाबून धरावे. बॅटरी निघण्याजोगी असल्यास काढावी. यंत्र अर्धे उघडून, कळा खाली येतील असे, तंबूप्रमाणे कोरड्या पंचावर पालथे ठेवावे. तांदूळ आतले पाणी ओढीत नाहीत, पीठ मात्र आत जाते. चुलीच्या धगीने प्लॅस्टिक वाकते. पेय गोड असेल, तर वाळण्याची वाट पाहत न बसता लवकर कारागीर गाठावा; आणि तोवर यंत्र चालू करून पाहू नये.

शेवटी कारागिराने कळा तपासल्या. त्याने कन्नडमध्ये ‘क’ काढला. पुतणीने त्याच कळेवर मराठी ‘क’ काढला. इनस्क्रिप्ट नावाची ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आली, आणि तिच्यात दोन्ही लिप्यांचा ‘क’ एकाच कळेवर आहे. सीमेवरच्या आम्हां माणसांस त्याचे मोठे कौतुक वाटले.

परतताना बसमध्ये आम्ही विचारले, “बाळ, त्याच रात्री का नाही सांगितलेस?” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “काका, मागे मोबाईलची काच फुटली, तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चहा तिच्या हातून सांडला, हे खरे. परंतु ती रात्रभर एकटी ते यंत्र चालू-बंद करीत बसली, ती आमच्या रागाच्या भीतीने. कारागिराचे पैसे आम्ही दिले, त्यांतील मोठा वाटा आमच्याच कर्माचा होता. संकेश्वर मागे पडल्यावर आम्ही तिची क्षमा मागितली. घरी येऊन सर्वांसमक्ष सांगितले, की या घरात जे सांडेल, फुटेल, ते आधी मोठ्याने सांगावे. रागावणे झाले तर मागाहून होईल.

परवा धाकट्या पुतण्याने ओटीवरून हाक मारली, “काका, ताक सांडलं!” यावेळी वहीखात्यावर सांडले होते. आम्ही धावत गेलो व पाने एकेक करून वाळत घातली. हिशेब वाचता येतो.