मेलेल्या कार्डातले ३४० रुपये

काल रात्री साडेअकराला मी ओरडलोच, "अगं, हे पैसे आपलेच आहेत!" बायको दचकून उठली. नारपोलीत आमच्या घरामागे यंत्रमाग रात्रभर खडखडतात, पण माझा आवाज त्यांच्याही वर गेला असणार.

दोन दिवाळ्यांपूर्वी गोदामातल्या आम्हा सगळ्यांना २,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड मिळालं होतं. पोरांचे कपडे घेतले, ३४० उरले. वर्षाने पुन्हा दुकानात गेलो, तर मुदत संपलेली. "गेले ते," काउंटरवरचा म्हणाला, आणि मीही ते गेलेच असं धरलं.

काल कपाट आवरताना कार्ड सापडलं. मागे बारीक अक्षरात ते काढणाऱ्या कंपनीचं नाव आणि 'रिझर्व्ह बँक' हे शब्द. मोबाईलवर शोधत गेलो आणि २७ ऑगस्ट २०२१ची नियमावली समोर आली. वाचतोय, वाचतोय, अंगावर काटा! अशा कार्डाची मुदत किमान एक वर्ष हवी. ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने आपल्याला सावध करायचं. गिफ्ट कार्डातून रोख काढता येत नाही, हे खरं. पण मुदत संपल्यावर शिल्लक मागितली, तर ती आपल्या बँक खात्यात द्यावीच लागते! कार्ड जिवंत असताना रोख नाही, आणि मेल्यावर पैसे घरी! शिवाय मुदत संपल्यावर किमान तीन वर्षं कंपनीला ती रक्कम स्वतःच्या नफ्यात धरता येत नाही.

एक फरक मात्र ओळखायचा. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं कार्ड या नियमावलीत येत नाही. तिथे अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे.

आज सकाळीच कंपनीला ईमेल टाकला: कार्डाचा नंबर, खात्याचा नंबर, मागणी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्या तक्रारीला एक पैसाही लागत नाही!

दुपारी चहाला हे सगळं एका दमात सांगितलं. कोणाचे ६० राहिलेत, कोणाचे ११५. एकजण कार्ड शोधायला अर्धा कप तसाच ठेवून लॉकरकडे पळाला. संध्याकाळी सुटल्यावर आम्ही सगळे माझ्या मोबाईलभोवती बसणार आहोत. ईमेलचा मजकूर तयार आहे, फक्त नंबर बदलायचे.