चारशे कोटी लिटरचा पहारा

मुंबईतल्या चाळीत किंवा वस्तीत कधी मुक्कामाला राहिलात, तर दिवसाची पहिली हाक बहुधा एकच ऐकू येते – ‘पाणी आलं!’ की झाली धावपळ. पिंपं, बादल्या, हंडे, कळश्या सगळं भरून घ्यायचं. कारण थोड्या वेळानं दुसरी हाक येणार – ‘पाणी गेलं!’

पण मुलांनो, हे पाणी येतं कुठून? आणि बरोबर ठरल्या वेळी येतं कसं? चला, आज आपण पाण्याच्या वाटेनं एक फेरफटका मारू.

एके काळी मुंबई विहिरी आणि तलावांचं पाणी पीत असे. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं अजून आहेत, तलाव मात्र बुजवले गेले. वस्ती वाढली तसं हे पाणी पुरेना, आणि ते स्वच्छही राहीना. मग हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव तयार झाला. मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. पण तेही लवकरच कमी पडलं. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला आणि पुढे पाण्यासाठी थेट शहापूरच्या जंगलात जावं लागलं.

आपणही तिकडेच जाऊ. कसारा लोकल पकडायची. कल्याण मागं पडलं, की इमारती विरळ होत जातात आणि डोंगर जवळ येऊ लागतात. आटगावला उतरून सागाच्या झाडीतून पुढे गेलं, की तानसा धरण लागतं. १८९२ साली पुरं झालेलं हे दगडी धरण अडीच किलोमीटरहून लांब आहे! मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे मुंबईला पाणी देणारे बाकीचे चार तलावही शहरापासून असेच दूर आहेत. त्यांतला मोडकसागर एन. व्ही. मोडक या पालिकेच्या इंजिनिअरच्या नावानं ओळखला जातो.

तलावात पाणी कुठपर्यंत आहे, हे रोज मोजून मुंबईला कळवलं जातं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात तलावांच्या पातळीचे आकडे छापून येतात ना, ते हेच.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. हे सातही तलाव काठोकाठ भरले, तर त्यांत सुमारे १,४४,७३६ कोटी लिटर पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसामध्ये. मुंबईला रोज लागतं जवळजवळ ४०० कोटी लिटर. भागाकार केलात? उत्तर ३६१ दिवसांच्या आसपास येतं. म्हणजे शिल्लक अशी काही नाहीच! शिवाय उन्हानं थोडं पाणी वाफ होऊन जातं, ते वेगळंच. आजी पावसाळ्याआधी धान्याची बेगमी करते आणि डबे पाहून पुरवून पुरवून वापरते. अगदी तसंच इथं आहे. १ ऑक्टोबरला साठा मोजायचा आणि तो पुढच्या जुलैअखेरपर्यंत पुरवायचा. हिशेब जमेना झाला, की कपात. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणी कमी करावं लागलं होतं. तलाव भरू लागल्यावर जुलैअखेर ही कपात उठली.

पुढं जाण्याआधी इथंच थोडं थांबू. या तलावांच्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाऊस इथं धो धो पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी फारसं मुरत नाही, वाहून जातं. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. खाली धरणात पाणी दिसतं, पण टेकडीवरच्या पाड्यापर्यंत ते चढवायला पंप हवा, नळ हवा, वीज हवी. ते नसेल तर डोक्यावर हंडा येतोच. कुणाकुणाला तर त्यापायी शाळा बुडवावी लागते.

चला पुढे. तानसा-वैतरण्याचं पाणी उतारावरून आपलं आपण भांडुपला येतं. भातसाचं मात्र पिसे इथं पंपानं उचलावं लागतं. भांडुपच्या केंद्रात पाण्यात तुरटी घालून गाळ खाली बसवतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरिन मिसळतात. तिथून ते जातं उंचावरच्या टाक्यांमध्ये. उंचावर का? तर पाण्याच्या स्वतःच्याच वजनानं त्याला जोर मिळावा म्हणून. म्हातारीचा बूट पाहायला मलबार हिलला गेलात, की समोरच्या फिरोजशहा मेहता बागेत जरूर जा. तुम्ही हिरवळीवर चालत असाल आणि तुमच्या पायांखाली असेल दक्षिण मुंबईच्या पाण्याची भली मोठी टाकी!

आता येतात या गोष्टीतले खरे राखणदार, चावीवाले. सगळ्या गल्ल्यांना एकदम पाणी सोडलं, तर सखल भागातले नळ धो धो वाहतील आणि टेकडीवरचे, टोकाचे कोरडे राहतील. म्हणून पाळ्या लावलेल्या असतात. पालिकेचे चावीवाले गाडीतून फिरतात, रस्त्यातलं झाकण उघडतात आणि लांब दांड्याच्या चावीनं झडप फिरवतात. मगच आपल्याकडे ‘पाणी आलं!’ ची हाक उठते. त्यांना एका झडपेला उशीर झाला, तर शेकडो घरांचा सकाळचा स्वयंपाक अडतो.

पाणी बंद झालं, की धोका वाढतो. नळ रिकामा असताना त्याला कुठं चीर असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यातून जुलाब, कावीळ, टायफॉइड पसरतो. काही जण नळाला थेट मोटर लावून पाणी खेचतात. त्यानं शेजाऱ्यांचं पाणी तर तुटतंच, शिवाय घाणही आत येते. म्हणून चिरा शोधणं फार महत्त्वाचं. हे काम रात्री चालतं. रहदारी थांबली, की कर्मचारी रस्त्यावर लोखंडी कांब टेकवतात आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावतात. जमिनीखाली पाणी गळत असेल, तर त्याची सळसळ ऐकू येते. डॉक्टर छाती तपासतात, तशी ही रस्त्याची तपासणी! सकाळी जागोजागच्या नळांचं पाणी बाटलीत घेतात. त्यात औषधाचे थेंब टाकले की रंग चढतो, आणि क्लोरिन शेवटच्या नळापर्यंत पोचलं की नाही ते कळतं.

तुम्ही मुंबईत राहत नसाल, तरी तुमच्या गावातही असा पहारा असणारच. आई-बाबांना किंवा नगरपालिकेतल्या काकांना चार प्रश्न विचारा. आपलं पाणी कुठून येतं? आज साठा किती दिवसांचा आहे? आपल्या गल्लीची झडप कोण फिरवतं? आणि ज्या गावातून हे पाणी येतं, तिथल्या मुलांना ते मिळतं का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. शेवटचं उत्तर ‘नाही’ आलं, तर आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका – का नाही?