दोन हात

२०२४च्या सप्टेंबरमध्ये बाबांचा फोन आला. "चार दिवसांची सुट्टी काढून ये. मधल्या खोलीला रंग द्यायचाय." थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीनंतर पाहुणे येणारेत लहानीला बघायला."

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, वसमतकडचं. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घरोघरी दसरा काढतात. गोधड्या ओढ्यावर जातात, भांडी अंगणात येतात आणि भिंतींना नवा हात बसतो. त्यामुळं रंगाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बाबांनी मला बोलावल्याचं. एरवी गावातल्या रंगाऱ्याला सांगून मोकळे होणारा माणूस.

घरी पोचल्यावर कारण कळलं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर पत्र्यापर्यंत गेलेली भेग. बाबांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं, पण भेग कॅलेंडरपेक्षा लांब होती.

१० जुलैच्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला आमच्याकडं भूकंप झाला होता. ४.५ रिश्टरचा. त्याआधी २१ मार्चला पहाटेही तेवढाच होऊन गेला होता. बातम्यांमध्ये 'सौम्य धक्के' म्हणून दोन ओळी आल्या असतील. पण पांगरा शिंदेच्या भागात कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात आणि तो आवाज ऐकत मोठी झालेली माणसं सौम्य हा शब्द वापरत नाहीत. जुलैत आई चुलीवरचं दूध तसंच सोडून अंगणात पळाली होती. मी तेव्हा पुण्यात होतो. फोनवर तिनं मला फक्त दूध उतू गेल्याचं सांगितलं.

आम्ही कामाला लागलो. जुन्या चुन्यावर पुट्टी धरत नाही, पापुद्रे निघतात, म्हणून आधी भिंत खरवडावी लागते. बाबा एका बाजूनं, मी दुसऱ्या. वरचा गुलाबी डिस्टेंपर काकाच्या लग्नातला. त्याच्याखाली पिस्ता, तो मी दहावीला असतानाचा. त्याच्याखाली चुना, निळसर झाक असलेला. तो आजीचा.

आजी चुनखडी घागरीत भिजवायची. पाणी ओतलं की ती फसफसायची, घागर हात लावू नये एवढी तापायची. आम्हाला लांब उभं करायची. दुसऱ्या दिवशी गाळून, त्यात चिमूटभर नीळ टाकून कुंच्यानं भिंतीवर मारायची. ओला असताना चुना दिसतच नाही, सुकेल तसा पांढरा होत जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड बनतो, हे मी खूप नंतर डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलं. आजीला ते पुस्तकावाचून माहीत होतं. "भिंत दगडावानी होती, पण दम धरावा लागतो," म्हणायची.

लहानपणी एकदा हळदीच्या ढिगात खेळून मी पिवळा तळवा ताज्या चुन्यावर उमटवला होता. बघता बघता तो लाल झाला. मी रक्त आलं म्हणून रडलो. आजी हसून म्हणाली, "कुंकू असंच करतेत रे." हळद आणि चुना. खरवडताना तो हात कुठं सापडतो का, हे मी गुपचूप बघत होतो. सापडला नाही.

भेगेपाशी आलो तेव्हा बाबांनी पुट्टीची पिशवी पुढं सरकवली. "दाबून भर. वर दोन हात रंग मारला की कुणाला कळायचं नाही."

खरं तर मी भरणार होतो. मी पुण्यात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. फ्लॅटचा ताबा द्यायच्या आधी भिंतीवरच्या केसासारख्या रेघा आम्ही पुट्टीनंच बुजवतो. त्या गिलाव्याच्या असतात, त्यात खोटं काही नाही. पण ही कुठली आहे ते बघायला मी मागच्या बाजूला गेलो. बाहेरही त्याच जागी तीच तिरपी रेघ होती. विटा-मातीची भिंत आरपार उकलली होती.

आत येऊन सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला माहितीय. मी बाहेरून पाहिलंय."

"मग?"

"मग काय. पाहुण्यांनी पाहिलं तर म्हणतील, पडक्या घरातली पोरगी."

त्या दिवशी ३० सप्टेंबर होता. १९९३ साली याच तारखेच्या पहाटे किल्लारी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपलेल्या माणसांवर. बाबा तेव्हा तरुण होते. त्यांना तारीख आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "या भिंतीला लागून लहानीची खाट आहे."

बाबांनी पुट्टीची पिशवी बांधून ठेवली आणि दोघांनी मिळून खाट उचलून समोरच्या खोलीत नेली.

मग मी एक जुनी पद्धत केली. काचेची अरुंद पट्टी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत सरकली तर काच फुटते. नाही फुटली तर भेग निजलेली आहे असं समजायचं आणि मग दुरुस्तीला हात घालायचा. मेलेली भेग बुजवता येते. जिवंत भेग बुजवली तर ती शेजारून फुटते, आणि मधल्या काळात आपण बेसावध राहतो. उरलेल्या तीन भिंतींना पुट्टी, प्रायमर आणि दोन हात फिका पिवळा दिला. चौथी तशीच, खरवडलेली.

पाहुणे आले तेव्हा मी नव्हतो. लहानीनं फोनवर सांगितलं. मुलाच्या वडलांनी चहा पिता पिता काचेकडं बघून विचारलं, हे काय? बाबांनी सगळं सांगितलं, तारखेसकट. ते गृहस्थ उठून जवळ गेले, बोटानं काच चाचपली आणि हळूच म्हणाले, "आमच्या घरालाबी आहे. आम्ही बुजवून टाकली."

ते स्थळ जमलं नाही. कारण भिंत नव्हती, निदान त्यांनी तरी तसं सांगितलं.

आता बाबांचा फोन आला की आधी पाऊस, मग हळदीचा भाव, आणि शेवटी, मी विचारायच्या आत, "काच हाय तशीच." लहानीची खाट मात्र त्यांनी अजून समोरच्या खोलीतून हलवू दिलेली नाही.