ग्लोक्टा आवडतो, काय करू?

जो अॅबरक्रॉम्बीची 'द ब्लेड इटसेल्फ' ही जाडजूड फँटसी कादंबरी २००६ साली आली. आमच्या लंच ग्रुपमध्ये ती आत्ता कुठे फिरली आणि सरळ दोन तट पडले. कारण एकच, ग्लोक्टा!

एकेकाळचा हा स्टार तलवारबाज. शत्रूच्या कैदेत दोन वर्षं हाल सोसले, दात गेले, पाय कामातून गेला. आणि सुटल्यावर पठ्ठ्याने नोकरी कसली धरली? लोकांचे हाल करून कबुलीजबाब काढायची! तोंडाने अदब, मनात एकेक जहरी टोमणा. मीटिंगमध्ये आपण तरी वेगळे काय असतो? मी तर सॉलिड हसले.

अकाउंट्समधल्या एकाला स्लिप डिस्क आहे. ग्लोक्टाला जिना दिसला की घाम फुटतो, ते वाचून तो म्हणाला, "हे माझ्यासाठीच लिहिलंय."

एका मैत्रिणीने मात्र अर्ध्यातच पुस्तक परत केलं. "ग्लोक्टाचे जोक सगळ्यांना पाठ आहेत. पण सुरुवातीलाच त्याने ज्याचे हाल केले, त्याचं नाव सांगा बघू?"

टेबल गप्प. नाव होतं सालेम रूज. ग्लोक्टाच्याच जुन्या ओळखीतला व्यापारी.

मला वाटतं, या कादंबरीची खरी करामत इथेच आहे. ज्याच्या डोक्यात आपण शिरतो, त्याचं दुखणं आपलं होतं. समोर बांधलेला माणूस नुसता 'सीन' उरतो. विनोद ही लेखकाने दिलेली लाच आहे, आणि ती मस्त चविष्ट आहे!

मी पुढचे दोन्ही भाग आणलेत. तुम्हीही वाचा. आणि कुठे हसलात यापेक्षा, हसता हसता कुठे थांबलात, ते सांगा.